शेपूट कापूनच थांबा
क्रेडिट कार्डावर पन्नास हजारांची थकबाकी आहे आणि व्याज महिना साडेतीन टक्के आहे, असं धरू. महिन्याचं व्याज झालं १,७५० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ३१५. ‘किमान देय’ म्हणून तुम्ही पाच टक्के, म्हणजे अडीच हजार भरलेत, तर मुद्दल फिटतं अवघं ४३५ रुपये! शिवाय थकबाकी पुढे ओढली की नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. म्हणून फेडायचं ठरलं की कार्ड आधी कपाटात ठेवा. एकरकमी भरणार असाल, तर बिलावरच्या आकड्यावर विसंबू नका; बिल निघाल्यापासून पैसे जमा होईपर्यंतचं व्याज पुढच्या बिलात येतं आणि हत्ती जाऊन शेपूट राहतं. भरण्याच्या दिवशीच्या पूर्ण थकबाकीचा आकडा बँकेकडून लेखी मागा. सगळं फेडून कार्ड बंद करायला सांगितलं की रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद व्हायला हवं. नाहीतर विलंबाच्या प्रत्येक दिवसाला पाचशे रुपये बँकेने तुम्हाला द्यायचे. दंड फक्त ग्राहकालाच असतो, असं नाही. तो हक्काने मागा.