‘संस्कारक्षम’ म्हणजे कुणाचे संस्कार? कुमार कादंबरीच्या स्पर्धा आणि आपली पोरं



बालकुमार साहित्याच्या लेखन स्पर्धांची पत्रकं हल्ली आपल्याही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरतात. पहिल्या आलेल्या कादंबरीचं पुस्तक निघणार म्हटल्यावर आपल्यातल्या लिहित्या पोरापोरींचे हात शिवशिवतात. ते चांगलंच आहे. पण पत्रक पुढे ढकलण्याआधी नीट वाचत जा. त्यात दोन शब्द बहुतेक वेळा सापडतात, ‘संस्कारक्षम’ आणि ‘शुद्ध भाषा’. माझा प्रश्न साधा आहे. संस्कार कुणाचे? आणि शुद्ध भाषा कुणाच्या घरातली?

वस्तीतली मुलगी आजीशी ज्या भाषेत बोलते ती अशुद्ध ठरली, की तिच्यावरची कादंबरी पहिल्याच चाळणीत गळते. शाळेतल्या पाण्याच्या माठापाशी घडलेला प्रसंग ‘मुलांच्या कोवळ्या मनाला झेपणार नाही’ म्हणून बाजूला पडतो. ज्या मुलांना तो प्रसंग जगावा लागतो, त्यांच्या मनाच्या कोवळेपणाचं काय?

यावर आयोजकांचं ठरलेलं उत्तर असतं : आम्ही हस्तलिखितावरचं नाव झाकतो, जात बघतच नाही. नाव झाकता येतं हो. पण कथेतली वस्ती झाकता येत नाही, पात्रांची बोली झाकता येत नाही, त्यांच्या ताटातलं जेवण झाकता येत नाही. आणि परीक्षकाची आवडनिवड कोण झाकणार? माणूस आपली अभिरुची घरातून, शाळेतून, वर्गातून घेऊन येतो आणि मग तिलाच दर्जा म्हणतो, हे फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू यांनी १९७९च्या ‘डिस्टिंक्शन’ या ग्रंथात सविस्तर मांडलं. आपल्याला ते ‘मेरिट’ या एका शब्दावरून पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे.

मग स्पर्धा नकोतच का? हव्यात. कशा हव्यात, ते अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लेखकांच्या अनुभवातून शिकू.

१९६५ साली नॅन्सी लॅरिक यांनी ‘सॅटर्डे रिव्ह्यू’मध्ये हिशोब मांडला. १९६२ ते १९६४ या तीन वर्षांत तिथे निघालेल्या पाच हजारांहून जास्त बालपुस्तकांपैकी जेमतेम ६.७ टक्के पुस्तकांत एखादं तरी कृष्णवर्णीय माणूस दिसत होतं. त्याच सुमारास ‘काउन्सिल ऑन इंटररेशियल बुक्स फॉर चिल्ड्रन’ ही संस्था उभी राहिली. तिने नुसता निषेधाचा ठराव केला नाही. ज्यांचं एकही बालपुस्तक निघालेलं नाही अशा कृष्णवर्णीय लेखकांसाठी स्पर्धा काढली, आणि पुढे इतर वंचित समूहांनाही तिचं दार उघडलं. आपल्या भाषेत सांगायचं तर, राखीव जागा ठेवल्या.

त्या दारातून कोण आलं? १९६८ साली वॉल्टर डीन मायर्स आले. शाळा अर्धवट सोडून १७व्या वर्षी सैन्यात भरती झालेला हार्लेमचा मुलगा. स्पर्धेतल्या कथेचं पुस्तक पुढच्याच वर्षी निघालं. पुढे अमेरिकेत कुमार साहित्यासाठी प्रिंट्झ पुरस्कार सुरू झाला, तेव्हा २००० साली तो सर्वात पहिल्यांदा त्यांच्या ‘मॉन्स्टर’ला मिळाला. याच स्पर्धेतून मिल्ड्रेड टेलर आल्या. त्यांचं ‘साँग ऑफ द ट्रीज’ १९७५ साली छापलं गेलं. त्याच कुटुंबाची गोष्ट पुढे नेणाऱ्या ‘रोल ऑफ थंडर, हिअर माय क्राय’ला १९७७चं न्यूबेरी पदक मिळालं. त्या कादंबरीत एक प्रसंग आहे. गोऱ्या शाळांनी वापरून टाकून दिलेली फाटकी पुस्तकं कृष्णवर्णीय मुलांना दिली जातात, आणि आतल्या पानावरच्या तक्त्यात पुस्तकाची अवस्था आणि मुलाचा वंश यांची नोंद असते. हा प्रसंग ‘संस्कारक्षम’ आहे का, हे आपल्या परीक्षकांना विचारून बघा.

‘वेगळी स्पर्धा म्हणजे दर्जा घसरला’ असं म्हणणाऱ्यांना एवढं उत्तर पुरे आहे. न्यूबेरी काही राखीव नव्हतं. दार राखीव होतं, मैदान त्यांनी खुलं मारलं.

आणखी एक उदाहरण. क्रिस्टोफर पॉल कर्टिस मोटारींच्या कारखान्यात १३ वर्षं गाड्यांना दारं बसवत होते आणि सुट्टीच्या वेळात लिहीत होते. त्यांनी आपली कादंबरी एका मोठ्या प्रकाशन संस्थेच्या स्पर्धेला पाठवली. तिला बक्षीस मिळालं नाही. पण संस्थेतल्या संपादकाला ती आवडली, १९९५ साली छापली गेली आणि गाजली. म्हणजे हस्तलिखित प्रामाणिकपणे वाचणारं कुणीतरी तिकडे बसलेलं असेल, तर हरलेली स्पर्धाही कामाला येते. म्हणून इतरांच्या स्पर्धांतही उतरा. पण डोळे उघडे ठेवून. प्रवेश शुल्क मागणारी, वर ‘किमान इतक्या प्रती विकत घ्याव्यात’ म्हणणारी स्पर्धा ही स्पर्धा नव्हे, दुकान आहे. ‘सर्व हक्क आयोजकांकडे’ या ओळीखाली सही करू नका. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क लेखी आणि सहीनिशीच देता येतात, मुदत लिहिलेली नसेल तर ते पाच वर्षांपुरतेच दिले असं धरलं जातं. मानधन, मुदत, आवृत्ती, सगळं कागदावर मागा. मागायला लाजू नका.

आता थोडं आपल्या घरात बघू. ‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० रोजी सुरू झालं, हे आपल्याला पाठ आहे. त्याच जानेवारीत अमेरिकेत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी ‘द ब्राउनीज बुक’ हे खास कृष्णवर्णीय मुलांसाठीचं मासिक काढलं. हे तेच डू बॉइस, ज्यांना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहिलं होतं. ते मासिक दोन वर्षंच चाललं, पण लँगस्टन ह्यूज यांच्या सुरुवातीच्या कविता त्यात आल्या. शंभर वर्षांनंतर आपल्या मुलांच्या हाती आपण काय ठेवलं?

आपलं बालपण लिहिलं गेलं नाही असं नाही. ‘बलुतं’, ‘उपरा’, ‘अक्करमाशी’, ‘उचल्या’, सगळी पानं बालपणाने भरलेली आहेत. पण ती मोठ्यांनी मोठ्यांसाठी लिहिलेली आत्मकथनं आहेत. बारा वर्षांच्या मुलीसाठी काय? मी वस्तीतल्या अभ्यासिकेत काम करते. बाबासाहेबांची चरित्रं तिथे भरपूर आहेत. सातवीतली पोरगी ती वाचून संपवते आणि विचारते, ‘ताई, आता दुसरं काय?’ तिला महापुरुष मिळाले. आता तिच्यासारखी, तिच्याच वयाची, चुकणारी, भांडणारी, सायकलवरून गावभर हिंडणारी नायिका हवी आहे. प्रस्थापितांच्या पोरांना असे नायक कधीच मिळाले. फास्टर फेणे सायकलवर बसून सगळीकडे फिरला, आपल्या वस्तीत मात्र तो पाहुणा म्हणूनच येतो.

‘आधी नोकऱ्या, अ‍ॅट्रॉसिटीच्या केसेस, मग कादंबऱ्या’ असं काही कार्यकर्ते म्हणतील. साथींनो, केस लढणारी पोरगी आधी स्वतःला कुठेतरी नायिका म्हणून पाहते. ते पाहण्याचं वय दहा ते सोळा.

म्हणून स्पर्धा आपणच काढायची. प्रवेश शुल्क नाही. हाताने लिहिलेलं चालेल, बोली चालेल. आधी पहिली वीस पानं आणि थोडक्यात कथा मागवा, निवडलेल्या पाच जणांना सहा महिने आणि एक संपादक द्या. परीक्षकांची नावं आधी जाहीर करा आणि त्यांच्यात वसतिगृहातली दोन मुलं बसवा. बक्षीस म्हणून ढाल आणि शाल नको. पुस्तक छापा, करार करा, रॉयल्टी द्या. हक्क लेखकाचे.

पुस्तक खपेल कुठे, हा प्रश्न तर आपण विचारूच नये. ६ डिसेंबरला दादरला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरला आपली माणसं पोटाला चिमटा घेऊन पुस्तकं विकत घेतात. वाचक आपल्याकडे आहे, बाजार आपल्याकडे आहे, आणि पैसाही आहे. तो जयंतीच्या रात्री डीजेच्या भिंतींपुढे वाजून जातो.

१४ एप्रिलच्या बैठका लवकरच सुरू होतील. पहिल्याच बैठकीत हा विषय ठेवा : एक डीजे कमी, एक कादंबरी जास्त. कोण विरोध करतं ते बघा, आणि त्याच्याशी वाद घाला.