विश्लेषण : मांसाहार सुटला, वरण मात्र पातळच, डब्यात प्रथिने येणार कुठून?

पिंपरी-चिंचवड ते चाकण या औद्योगिक पट्ट्यात श्रावणापुरता, तर माळ घातल्यावर कायमचा मांसाहार सोडणारे कामगार बरेच आहेत. पहिल्याच आठवड्यात त्यांना घरचे, मित्र आणि जिममधले प्रशिक्षक एकच प्रश्न विचारतात : आता ताकद कुठून येणार? मेस आणि कॅन्टीनच्या ताटाचा हिशेब मांडला की वेगळेच चित्र दिसते.

प्रश्न याच पट्ट्यात का?

देहू आणि आळंदी ही वारकऱ्यांची दोन्ही तीर्थे कारखान्यांच्या अगदी लगत आहेत. देहूची इंद्रायणी मोशी, चिंबळीवरून आळंदीला जाते आणि तिच्या दोन्ही अंगांना भोसरी, तळवडे, चाकण, महाळुंगे असा यंत्रांचा पट्टा पसरला आहे. ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून तुकोबांची आणि अष्टमीला आळंदीहून माउलींची पालखी निघते. त्या सुमारास माळ घालणाऱ्यांत शेतकरी असतात तसे शिफ्टमध्ये काम करणारेही असतात. माळ घातली की मांस, मच्छी, अंडी आणि दारू बंद. पाठोपाठ गटारी अमावस्या येते, चिकनच्या दुकानांपुढे रांगा लागतात आणि दुसऱ्या दिवसापासून श्रावण. याशिवाय वजन, कोलेस्टेरॉल किंवा खर्च यांसाठी शाकाहाराकडे वळणारेही आहेत.

गावी घरचे जेवण असते तेव्हा हा बदल फारसा जाणवत नाही. येथे मात्र लातूर, बीड, धाराशिवपासून बिहार, उत्तर प्रदेशापर्यंतचे तरुण कॉट बेसिसवर राहतात. ताटात काय पडणार हे ते ठरवत नाहीत, मेसवाला ठरवतो.

प्रथिने लागतात तरी किती?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत. म्हणजे ६५ किलोच्या पुरुषाला ५४ ग्रॅम आणि ५५ किलोच्या स्त्रीला सुमारे ४६ ग्रॅम. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत यात रोज आणखी २२ ग्रॅमची भर घालावी लागते.

यातली एक बाब अनेकांना चकित करते. बैठे काम, मध्यम कष्ट आणि अवजड कष्ट या तिन्ही गटांसाठी प्रथिनांची शिफारस तीच आहे. कष्ट वाढले की वाढते ती ऊर्जेची गरज. बैठे काम करणाऱ्या पुरुषाला २११० किलोकॅलरी धरल्या आहेत, मध्यम कष्टाला २७१० आणि अवजड कामाला ३४७०. प्रेसशॉपमध्ये आठ तास उभ्याने काम करणाऱ्याला भूक जास्त लागते ती यामुळे. ती चपाती-भातानेही भागते, पण पोट भरले म्हणून प्रथिने भरली असे होत नाही.

दुसरी बाब दर्जाची. ०.८३ ग्रॅम पुरतात ते आहारात धान्यासोबत डाळ आणि दूध पुरेसे असेल तर. बहुतेक प्रथिने धान्यातूनच येत असतील, तर हीच गरज किलोमागे सुमारे १ ग्रॅम धरावी लागते. गहू-तांदळाच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते. डाळींत ते भरपूर असते, पण मेथिओनिन कमी पडते. वरणभात, डाळखिचडी, भाकरी-पिठले या जोड्या एकमेकांची उणीव भरून काढतात. अर्थात वरणात डाळ असली तर.

मेसच्या डब्यात काय निघते?

चार चपात्या, एक भाजी, वरण आणि भात असा नेहमीचा डबा घेऊ. चार चपात्यांना साधारण १२० ग्रॅम कणीक लागते, त्यातून १२ ते १३ ग्रॅम प्रथिने मिळतात. ५० ग्रॅम तांदळाच्या भातातून ४. पातळ वरणाच्या वाटीत माणशी १५ ग्रॅमच डाळ पडली, तर ३. बटाट्याच्या भाजीतून एक-दीड. बेरीज २१ ग्रॅमच्या आसपास. असे दोन डबे, सकाळचे पोहे आणि दोन वेळचा चहा धरला तर दिवसाला सुमारे ४९ ग्रॅम.

५४ च्या तुलनेत हा आकडा तितका वाईट दिसत नाही. मात्र यातील तीन चतुर्थांश वाटा गहू, तांदूळ आणि पोह्यांचा आहे. म्हणजे या जेवणाला ५४ ग्रॅमचा नव्हे, ६५ ग्रॅमचा निकष लागतो आणि तूट १५ ग्रॅमपुढे जाते. धान्य आणि डाळीचे प्रमाण ३ ला १ असावे, असे पोषण संस्था सांगते. या डब्यात ते ११ ला १ आहे.

मांसाहार सोडल्याने नेमके काय गेले?

आठवड्यातून दोनदा, म्हणजे बुधवारी आणि रविवारी, प्रत्येकी १०० ग्रॅम चिकन खाणाऱ्याला त्यातून एकूण ४० ग्रॅम प्रथिने मिळत होती. सात दिवसांवर वाटली तर रोजची सहा ग्रॅमही नाहीत. मूठभर शेंगदाण्यांत तेवढी असतात. रोज एक अंडे खाणाऱ्याचे आणखी सहा ग्रॅम गेले, इतकेच. थोडक्यात, तूट आधीपासून होतीच. रविवारच्या रश्श्यामुळे ती लक्षात येत नव्हती, आणि माळेवर तिचा ठपका ठेवणे हिशेबाला धरून नाही.

खरे नुकसान होते ते ब-१२ जीवनसत्त्वाचे. ते कोणत्याही डाळीत, कडधान्यात वा भाजीत नसते. शाकाहाऱ्याला ते दूध, दही, ताक, पनीर यांतूनच मिळते. त्यामुळे मांसाहार आणि अंडी सोडणाऱ्याने दूध-दहीही टाळले, तर काही वर्षांनी हातापायाला मुंग्या, थकवा, विसराळूपणा अशा तक्रारी सुरू होऊ शकतात. अशा वेळी रक्ततपासणी करून डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घेणे हाच मार्ग असतो.

चवीचे काय?

शाकाहार सुरू करणारे बहुधा प्रथिनांपायी माघारी फिरत नाहीत, कंटाळ्यापायी फिरतात. रोज बटाटा, कोबी, फ्लॉवर आणि पिवळे पाणी समोर आले की रस्सा आठवणारच. पण मटणाची म्हणून जी चव जिभेवर असते, तिचा मोठा भाग भाजलेला कांदा, सुके खोबरे आणि काळा मसाला यांचा असतो. तोच मसाला मटकी, काळे वाटाणे, हरभरे किंवा अख्ख्या मसुराला चालतो. १०० ग्रॅम कोरड्या कडधान्यात २० ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. एक चांगली वाटीभर उसळ म्हणजे ४० ग्रॅम मटकी, म्हणजेच ८ ग्रॅम प्रथिने.

चाकणच्या उत्तरेला खेड, आंबेगाव, जुन्नर हा तर अशा पदार्थांचा प्रदेश. नाव मासवडी, पण मासळीचा संबंध नाही : बेसनाच्या पोळीत तीळ-खोबऱ्याचे सारण भरून वड्या पाडायच्या आणि झणझणीत रश्शासोबत खायच्या. हुलग्याच्या पिठाची शेंगोळीही याच भागातली. दोन्ही पदार्थ पोटभरीचे, प्रथिनांचे आणि पाहुण्यांपुढे ठेवण्याजोगे. हिंजवडीच्या हॉटेलांत ते ‘गावरान थाळी’ म्हणून मिळतात आणि चाकणच्या मेसमध्ये मात्र दिसत नाहीत, ही गंमतच.

मिसळीबद्दल सावध राहिलेले बरे. तळाशी मटकी भरपूर असेल तर ती उत्तम नाश्ता आहे. नुसती तर्री आणि फरसाण असेल तर तेल आणि मीठ.

सर्वांत स्वस्तात प्रथिने कशातून?

सोयाबीनच्या वडीतून. १०० ग्रॅम कोरड्या वडीत सुमारे ५० ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे ३० ग्रॅममध्ये १५. लातूर-धाराशिवच्या ज्या मुलांच्या घरी शेतात सोयाबीनच असते, त्यांच्याही ताटात ती क्वचित येते, कारण नीट न केल्यास तिला उग्र वास येतो. मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात दहा मिनिटे ठेवून दोनदा घट्ट पिळली आणि मग आले-लसूण व दह्यात मुरवली की वास जातो.

बिहारी कामगारांचे सत्तू हे भाजलेल्या हरभऱ्याचे पीठ. शिफ्टला निघताना पाण्यात चार मोठे चमचे कालवून कांदा, लिंबू, मीठ घातले की सात-आठ ग्रॅम प्रथिनांची सोय होते आणि गॅस पेटवावा लागत नाही. मराठी मुलांसाठी फुटाणे-शेंगदाणे तेच काम करतात. वरणातली डाळ १५ ऐवजी ३० ग्रॅम, रोज एक उसळ, एक मूठ शेंगदाणे वा फुटाणे आणि एक वाटी दही एवढी भर पडली, तर ४९ चा आकडा ७५ च्या घरात जातो.

पनीर महाग पडते. शिवाय रविवारच्या भाजीत वाट्याला तीन-चार तुकडेच येतात. मार्च २०२५ मध्ये विधिमंडळाच्या अधिवेशनात कृत्रिम पनीरचा विषय गाजला होता. वनस्पती तेल वापरून केलेला हा पदार्थ विकताना तसा स्पष्ट उल्लेख बंधनकारक आहे, पण ताटातल्या तुकड्यावर लेबल नसते. स्वस्त मेसमध्ये पनीरपेक्षा दह्यावर भर देणे शहाणपणाचे.

प्रथिनांच्या पावडरीचे डबे पिंपरी-चिंचवडच्या जिममध्ये सर्रास दिसतात. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनी त्यापासून दूर राहण्याचा सल्ला दिला आहे. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी तर डाळी वाढवण्यापूर्वीही डॉक्टरांना विचारायला हवे.

सुरुवातीला त्रास का होतो?

एकदम उसळी वाढवल्या की पोट फुगते आणि थर्ड शिफ्टला ते जास्त जाणवते. कडधान्ये आठ-दहा तास भिजवून ते पाणी टाकणे, मोड आणणे, हिंग-आल्याची फोडणी आणि पहिले दोन आठवडे अर्धीच वाटी, यांनी बहुतेकांचे भागते. एकादशीला डाळी चालत नाहीत. साबुदाण्यात प्रथिने जवळपास नसतातच, त्यामुळे त्या दिवशी भगरीसोबत दाण्याची आमटी अधिक उपयोगी.

लोहाचा प्रश्न स्त्री कामगारांसाठी अधिक गंभीर आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. डाळी-पालेभाज्यांतले लोह शरीरात सहज शोषले जात नाही. उसळीवर लिंबू पिळल्याने ते वाढते, जेवणावर लगेच चहा घेतल्याने घटते. जेवणाची सुट्टी संपताना घेतलेला तो कटिंग तासभर पुढे ढकलता आला तर फरक पडतो.

कॅन्टीनबाबत कायदा काय सांगतो?

कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ४६ नुसार २५० हून अधिक कामगार असलेल्या कारखान्याला कॅन्टीन चालवणे बंधनकारक करता येत होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेने ही मर्यादा १०० वर आणली आणि मोजणीत कंत्राटी कामगारही धरले. चाकणसाठी हा बदल महत्त्वाचा आहे, कारण सुटे भाग बनवणाऱ्या कित्येक मध्यम कारखान्यांत कायम कामगार मूठभर आणि कंत्राटी अधिक असतात. कंत्राटी कामगारांच्या कल्याणसुविधांची जबाबदारीही संहितेने मुख्य मालकावर टाकली आहे.

ताटात किती प्रथिने असावीत, हे मात्र या कायद्यांच्या कलमांत नाही. १९४८ च्या कायद्याने कॅन्टीनमधील पदार्थ, त्यांचे दर आणि कामगार प्रतिनिधी असलेली व्यवस्थापन समिती यांबाबत नियम करण्याचा अधिकार राज्य सरकारला दिला होता. अशा समितीत दराची आणि स्वच्छतेची चर्चा होते तशी डाळीच्या वजनाचीही करता येते. ‘एक वाटी वरण’ असे ठरले की वाटीत काय, हे ठेकेदार ठरवतो. ‘माणशी ३० ग्रॅम कोरडी डाळ आणि दिवसाआड एक उसळ’ असे लिहिले, तर १०० जणांसाठी सकाळी तीन किलो डाळ मोजून शिजायला टाकली की नाही, हे स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर कोणालाही पाहता येते.