क्वीअर (शब्द)

'क्वीअर' हा इंग्रजीतून मराठीत आलेला शब्द आहे. लैंगिक आकर्षण आणि लिंगभाव यांच्या रूढ चौकटीत न बसणाऱ्या सर्व व्यक्तींसाठी समावेशक संज्ञा म्हणून तो वापरला जातो. इंग्रजीत तो दीर्घकाळ शिवी होता. ज्यांना ती शिवी दिली जाई त्यांनीच पुढे तो स्वतःचे नाव म्हणून स्वीकारला. मराठीत मात्र शब्द आला तो अपमानाचा इतिहास मागे ठेवून. त्यामुळे त्याच्या वापराविषयीचे येथील प्रश्न निराळे आहेत.

इंग्रजीतील अर्थांतर

सोळाव्या शतकापासून इंग्रजीत हा शब्द 'विचित्र' वा 'विक्षिप्त' या अर्थाने आढळतो. त्याचा संबंध 'आडवा, तिरपा' या अर्थाच्या जर्मन शब्दाशी जोडला जातो, परंतु त्याबाबत एकमत नाही. एकोणिसाव्या शतकातील कथा-कादंबऱ्या वाचताना विद्यार्थ्यांनी आजचा अर्थ त्यावर लादू नये. तेथे एखादा वृद्ध 'क्वीअर' असतो, म्हणजे केवळ तऱ्हेवाईक असतो. समलिंगी पुरुषांना उद्देशून झालेल्या वापराच्या आरंभीच्या नोंदींपैकी एक मार्क्विस ऑफ क्वीन्सबेरीच्या १८९४ मधील पत्रात आहे. ऑस्कर वाइल्डच्या खटल्यामागे असलेला सरदार तो हाच.

१९९० मध्ये न्यू यॉर्क येथे एड्सविषयक चळवळीतील कार्यकर्त्यांनी 'क्वीअर नेशन' ही संघटना स्थापन केली आणि हिणवण्याचा शब्द घोषणेत आला. त्याच वर्षी तेरेसा द लॉरेटिस यांनी 'क्वीअर थिअरी' ही संज्ञा वापरात आणली. विद्यापीठांतून हा शब्द जगभर पसरला तो या दुसऱ्या वाटेने.

महाराष्ट्रातील वापर

शब्द नव्हता म्हणून विषय नव्हता, असे नाही. र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला चालला तो वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून, आणि त्यांत समलिंगी संबंधांचा विषयही होता. कर्वे यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. खटला मात्र कर्वे हरले.

स्वतःला नाव देण्याची वेळ आली तेव्हा येथील मंडळींनी प्रथम इंग्रजी शब्द घेतला नाही. १९९० मध्ये मुंबईत 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक निघाले, १९९४ मध्ये 'हमसफर ट्रस्ट' आला, आणि २००२ मध्ये बिंदुमाधव खिरे यांनी पुण्यात 'समपथिक ट्रस्ट' सुरू केला. दोस्त, हमसफर, समपथिक ही तिन्ही नावे सोबतीची आहेत. 'क्वीअर' हा शब्द वेगळेपण मिरवतो, तर ही नावे बरोबरीने चालू देण्याची विनंती करतात. २००८ मध्ये 'क्वीअर आझादी मुंबई' या नावाने पदयात्रा निघाली, तेव्हा इंग्रजी शब्द प्रथमच देशी शब्दाशेजारी ठळकपणे येऊन बसला. पुण्याची पहिली अभिमान पदयात्रा डिसेंबर २०११ मध्ये झाली.

हिणवणीचा शब्द उलटवण्याचे खरे मराठी उदाहरण शोधायचे तर ते 'क्वीअर'मध्ये नाही. लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांच्या आत्मकथनाचे 'मी हिजडा... मी लक्ष्मी!' हे शीर्षक त्याहून जवळचे आहे, कारण त्यातील शब्द मराठी वाचकाने रस्त्यावर शिवी म्हणून ऐकलेला असतो. 'क्वीअर' ऐकून पेठेतल्या आजीला राग येत नाही. अर्थबोधही होत नाही.

मराठीतील अडचणी

'समलिंगी' हा प्रतिशब्द केवळ आकर्षणाविषयी बोलतो. 'पारलिंगी' आणि 'तृतीयपंथी' हे शब्द लिंगभावाविषयी बोलतात. या सर्वांना सामावणारा एकच सर्वमान्य मराठी शब्द रूढ झालेला नाही. 'विचित्र' हे शब्दशः भाषांतर मूळ अपमान तेवढा परत आणते. म्हणूनच 'क्वीअर' तसाच ठेवणे सध्या अधिक सोयीचे ठरते; मात्र ती सोय इंग्रजी शिक्षण मिळालेल्यांची आहे, हा आक्षेप रास्त आहे. जोगते किंवा कोती म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अनेकांच्या बोलण्यात हा शब्द नसतो. तमिळनाडूत मद्रास उच्च न्यायालयातील प्रकरणानंतर २०२२ मध्ये राज्य शासनाने तमिळ प्रतिशब्दांची सूची राजपत्रात प्रसिद्ध केली. असा मार्ग मराठीलाही खुला आहे.

व्याकरणाची अडचण अधिक खोल आहे. 'क्वीअर' हे विशेषण विकाररहित राहते. क्वीअर मुलगा, क्वीअर मुलगी, क्वीअर मूल. क्रियापदाला मात्र ती सवलत नाही. 'मी गेलो' किंवा 'मी गेले' यांतून बोलणाऱ्याला निवड करावीच लागते. इंग्रजीत अनेकवचनी सर्वनाम घेऊन वाट काढता येते. मराठीत आदरार्थी अनेकवचनही 'ते' आणि 'त्या' असे विभागलेले आहे. नपुंसकलिंगी 'ते' प्रौढ व्यक्तीला लावले तर तो अवमान होतो.

न्यायालयीन भाषा

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीने होणारे संबंध वगळले. १७ ऑक्टोबर २०२३ च्या विवाहविषयक निकालात विवाह हा मूलभूत हक्क नसल्याचे पाचही न्यायमूर्तींनी मान्य केले. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी आपल्या निकालपत्रात 'क्वीअर' हाच शब्द सातत्याने वापरला आणि हा विषय केवळ शहरी वा अभिजन वर्गाचा नाही, असे नमूद केले. मराठीत या प्रकरणाला सर्रास 'समलिंगी विवाह' म्हटले गेले. त्या नावाआड निकालाचा एक भाग झाकला जातो: भिन्नलिंगी नात्यात असलेल्या पारलिंगी व्यक्तींना प्रचलित कायद्यांनुसार विवाह करता येतो, हे न्यायालयाने त्याच निकालात स्पष्ट केले आहे.