बक्षीस कोणाच्या देखत मिळाले?



गेल्या रविवारी विहारातून परतताना वस्तीतल्या एका ताईंनी मला थांबवले. त्यांच्या धाकट्याने मोबाईलवर सतरा मिनिटांचा लघुपट केला आहे. विषय घरचाच, आजीने कचरा वेचून काढलेली वर्षे. मी तो पाहिला. आवाज मधूनमधून फाटतो, पण आजीचे हात ज्या जवळून दाखवले आहेत ते विसरता येत नाहीत. आता मुलाला तो महोत्सवांना पाठवायचा आहे आणि फी होते साडेसहा हजार रुपये. ताई चार घरची धुणीभांडी करतात. त्यांनी विचारले, "भाऊ, ही बक्षिसं खरी असतात का हो?"

मी मुलाला यादी घेऊन बोलावले. नऊ नावे होती. त्यातली पाच मोठमोठ्या परदेशी शहरांच्या नावाची, आणि हे महोत्सव म्हणे दर महिन्याला भरतात! भरतात कुठे, तर संगणकावर. सभागृह नाही, पडदा नाही, प्रेक्षक नाही. परीक्षक कोण, त्याचाही पत्ता नाही. बक्षिसांचे प्रकार मात्र इतके की कोणी रिकाम्या हाताने जाऊच नये. बक्षीस लागले की पत्र येते, सर्टिफिकेट हवे तर इतके डॉलर भरा, ट्रॉफी हवी तर इतके. पोस्टरवर छापायला दोन डहाळ्यांचे चित्र तेवढे फुकट. पोराला हे सांगताना मला वाईट वाटत होते, कारण तो त्याच पाच नावांवर खूश होता.

मग खरा महोत्सव कसा असतो? मी त्याला काठमांडूची गोष्ट सांगितली.

नेपाळच्या राजधानीत १९९७ पासून 'फिल्म साउथ एशिया' हा माहितीपटांचा महोत्सव भरतो, साधारणपणे दोन वर्षांतून एकदा. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका, नेपाळ अशा आपल्या शेजारातल्या माणसांवरचे माहितीपट तिथे निवडून दाखवतात. लोक सभागृहात बसून पाहतात आणि नंतर दिग्दर्शकाला तोंडावर प्रश्न विचारतात. महोत्सव संपला की त्यातले निवडक माहितीपट गावोगावी फिरवले जातात. पहिल्या क्रमांकाच्या मानाला 'रामबहादूर ट्रॉफी' म्हणतात.

सन २०११ मध्ये ही ट्रॉफी कोणाला मिळाली, ठाऊक आहे? आनंद पटवर्धन यांच्या 'जय भीम कॉम्रेड' ला. ज्या १९९७ साली हा महोत्सव सुरू झाला, त्याच साली ११ जुलैला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर पोलिसांच्या गोळीबारात आपली दहा माणसे गेली. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी मुलुंडच्या आपल्या झोपडीत गळफास घेतला. पटवर्धनांनी त्यांना आधीपासून ओळखले होते, 'हमारा शहर' या १९८५ च्या माहितीपटात घोगऱ्यांचे गाणे आहे. त्या मृत्यूने हललेला माणूस कॅमेरा घेऊन आपल्या वस्त्यांतून फिरू लागला तो चौदा वर्षे. तीन तासांहून लांब असा हा माहितीपट. मराठीतली आपली गाणी, आपल्या बायाबापड्यांचे बोलणे, आणि काठमांडूतले प्रेक्षक ते खालच्या इंग्रजी ओळी वाचत पाहत होते. त्यांनी तो पाहिला आणि परीक्षकांनी त्याला पहिला मान दिला.

पुढे २०१२ च्या जानेवारीत तो भायखळ्याच्या बी.आय.टी. चाळीत दाखवला गेला. (बाबासाहेब राहिले ती परळची, ही भायखळ्याची.) ज्यांची गोष्ट, त्यांच्याच दारात. त्याच वर्षी राष्ट्रीय पुरस्कारांत परीक्षकांचे विशेष पारितोषिक मिळाले, हाँगकाँगच्या महोत्सवातही गौरव झाला. काठमांडूच्या ट्रॉफीने दिग्दर्शक श्रीमंत झाला असे कोणी समजू नये. पण रमाबाई नगरात काय घडले, हे हिमालयाच्या पायथ्याशी बसलेल्या परक्या माणसांनी मान्य केले. ते मान्य व्हायला पडद्यासमोर माणसे असावी लागली.

त्याच महोत्सवात नवख्या दिग्दर्शकासाठीही एक पुरस्कार आहे, तारेक आणि कॅथरिन मसूद यांच्या नावाचा. तारेक मसूद बांगलादेशचे. १९७१ च्या मुक्तियुद्धात एक गायकांची तुकडी निर्वासितांच्या छावण्यांतून आणि लढणाऱ्यांपुढे गाणी म्हणत फिरली होती. एका अमेरिकन माणसाने त्यांचे चित्रण करून ठेवले होते, ते पडून राहिले. या नवरा-बायकोने ते मिळवून १९९५ साली 'मुक्तिर गान' केला आणि खेड्याखेड्यांत नेऊन दाखवला. २०११ च्या ऑगस्टमध्ये तारेक रस्ता अपघातात गेले. पहिलाच प्रयत्न करणाऱ्या पोरापोरींना अशा माणसाच्या नावाने मान मिळतो. हे ऐकताना ताईंचा मुलगा पहिल्यांदा वहीत काही लिहू लागला.

मग आम्ही यादी पुन्हा काढली. प्रत्येक नावापुढे तीन प्रश्न: मागच्या वेळी कोणत्या सभागृहात भरला? परीक्षक कोण होते? बक्षीस मिळालेला कोणता चित्रपट आपल्याला कुठे पाहता येईल? पाच नावे तिथेच गळाली. उरलेल्या चारांपैकी एकात विद्यार्थ्याला फी नाही, एकात निम्मी आहे. एक सूचना मी मुद्दाम केली, की लघुपट आत्ताच यूट्यूबवर टाकू नकोस, आधी सगळ्यांसाठी खुला केलेला चित्रपट काही महोत्सव घेत नाहीत. आणि तो फाटलेला आवाज आधी दुरुस्त कर, फीचे वाचलेले पैसे त्याला लागतील. तो जरा रुसला. पाच नावे गेली म्हणून की आवाजाला नाव ठेवले म्हणून, ते कळले नाही.

येत्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर विहारात तो दाखवायचे ठरले आहे. आजी पहिल्या रांगेत बसणार. यंत्र महिला मंडळाने मिळवले, फक्त पडद्याला पांढरी चादर कोणाच्या घरची, एवढे ठरायचे आहे.