दोन पुस्तके, एक वेस

‘सध्या काय वाचता?’ हा प्रश्न आपल्याकडे बहुधा प्रकृतीची विचारपूस करावी तसा विचारला जातो आणि त्याचे उत्तरही तशाच सौजन्याने दिले जाते. पुस्तकाचे नाव, लेखकाचे नाव आणि ‘फार वाचनीय आहे’ असा शेरा. संभाषण तेथेच संपते. वस्तुतः या प्रश्नाचे खरे उत्तर द्यायचे तर हाती असलेले पुस्तक आपल्याला कोणाच्या ओट्यावर बसवून जग दाखवीत आहे, हे सांगावे लागेल. लेखक कितीही प्रामाणिक असला, तरी तो जेथे उभा असतो तेथूनच त्याला दिसत असते. वाचक मात्र हे विसरतो. यावर एक उपाय आहे : पुस्तके जोडीने वाचावीत, आणि शक्य तर एकमेकांशी भांडणारी.

सध्या माझ्या मेजावर अशी एक जोडी आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांचे ‘गावगाडा’ (१९१५) आणि लक्ष्मण गायकवाड यांची आत्मकथा ‘उचल्या’ (१९८७).

आत्रे हे इंग्रजी अमदानीतील मुलकी खात्याचे अधिकारी. नोकरीच्या निमित्ताने गावे पाहिली आणि जे पाहिले ते त्यांनी बारकाईने टिपले. वतनदार, कारू-नारू, त्यांचे मानपान आणि हक्क, कुणब्याच्या खळ्यावर रास पडताच तिला फुटणाऱ्या वाटा, हे सारे त्यांनी अशा अस्सल मराठीत मांडले आहे की, ग्रामीण समाजशास्त्र हा शब्द मराठीत रूढ होण्यापूर्वीच ते शास्त्र मराठीत अवतरले असे म्हणावे. जन्माने ठरलेल्या वृत्ती गावाला पुढे जाऊ देत नाहीत, हे त्यांनी स्पष्टपणे ओळखले होते. परंतु याच ग्रंथात ‘फिरस्ते’ हे प्रकरण येते, आणि आत्रे कुणब्याच्या खळ्यावर उभे राहून गावाबाहेर उतरलेल्या पालांकडे पाहू लागतात. तेथून त्यांना दिसतो तो कष्टकरी कुणब्यावर पडणारा आणखी एक भार. त्यापूर्वी, १९११ साली, त्यांनी ‘गुन्हेगार जाती’ हे पुस्तकही लिहिले होते. जातच्या जात गुन्हेगार असू शकते, ही कल्पना तेव्हा सुशिक्षितांना खटकत नव्हती. कारण ती कायद्यानेच मान्य केली होती. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा संपूर्ण जमातीला जन्मतः संशयित ठरवीत होता. नोंदणी, पोलिसांकडे हजेरी, परवान्यावाचून गाव सोडण्यास बंदी, हे त्या कायद्याचे स्वरूप होते.

‘उचल्या’त तीच वेस दुसऱ्या बाजूने दिसते. लातूर तालुक्यातील धनेगावचा, घरात शाळेची पायरी प्रथम चढणारा हा मुलगा पुढे लेखणी हाती घेतो आणि समाजाने शिव्यांसारखे वापरलेले नाव पुस्तकाच्या मुखपृष्ठावर छापतो. चोरी झाली नाही असे तो कोठेही म्हणत नाही. घरातील भूक आणि चोरी, पोलिसांचे छापे आणि मारझोड, हे सारे तो सांगतो. म्हणजे आत्र्यांनी नोंदलेली वस्तुस्थिती तो सरसकट नाकारीत नाही. त्या वस्तुस्थितीमागील कारणांचा क्रम तो उलटा करतो. संशयित म्हणून काम मिळत नाही, काम नाही म्हणून चोरी, आणि चोरी म्हणून पुन्हा संशय. या पुस्तकाला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

मग ‘गावगाडा’ कपाटात परत ठेवावे काय? मुळीच नाही. केवळ ‘उचल्या’ वाचणाऱ्याला वाटेल की, हा चार दुष्ट पोलिसांचा प्रताप आहे. ‘गावगाडा’ ते यंत्रच उघडून दाखवते. ज्या गावात प्रत्येकाचा वाटा जन्मानेच ठरतो, तेथे ज्याला वाटाच नाही तो फिरस्ता होणार, हे आत्र्यांच्याच तपशिलांतून सिद्ध होते. हा निष्कर्ष आत्र्यांनी काढला नाही. तो काढण्याची जबाबदारी, दोन्ही पुस्तके समोर असलेल्या वाचकाची आहे.

ही जबाबदारी केवळ वाङ्मयीन नाही. गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला आणि या जमातींना ‘विमुक्त’ हे नाव मिळाले. परंतु निरनिराळ्या राज्यांत सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले, आपल्याकडे १९५९ साली आले, आणि जुना संशय नव्या कलमांत राहावयास गेला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावल्यांतील जातिभेद घटनाबाह्य ठरविला. विमुक्त जमातींना जन्मतः सराईत गुन्हेगार समजणारे नियमही त्यात होते. कायदा रद्द झाल्याला तेव्हा ७२ वर्षे उलटून गेली होती! सकाळच्या वर्तमानपत्रात ‘सराईत टोळी’ जेरबंद झाल्याची बातमी वाचताना, हा शब्द कोणाच्या खळ्यावरून उच्चारला गेला, असा प्रश्न ज्याच्या मनात उभा राहत नाही, त्याने दोन्ही पुस्तके वाचूनही काही वाचले असे म्हणता येणार नाही.

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे आणि गावोगावी वाचनालये आहेत. तेथे पुस्तकांवर बोलण्याचे कार्यक्रम होतात तेव्हा बहुधा एकाच ग्रंथाची स्तुती होते. त्याऐवजी एका संध्याकाळी एकाने ‘गावगाडा’ मांडावे, दुसऱ्याने ‘उचल्या’, आणि श्रोत्यांमध्ये विमुक्त वस्तीतली माणसेही असावीत. ती आली नाहीत, तर निमंत्रण वेशीच्या आतच फिरले असे समजावे आणि पुढील कार्यक्रम वस्तीवर जाऊन करावा.