विधेयक मांडलं, पुढे काय?

ऑफिस सुटल्यावर बॉसचा फोन किंवा मेल आला, तर उत्तर न देण्याचा हक्क. खासदार सुप्रिया सुळे यांनी डिसेंबर २०२५मध्ये लोकसभेत मांडलेलं ‘राइट टू डिस्कनेक्ट’ विधेयक हेच मागतं. अशी बातमी आली की ग्रुपवर लगेच ‘कायदा आला’ म्हणून फॉरवर्ड सुरू होतात. पण जरा थांबा. विधेयक मांडणं वेगळं आणि मंजूर होणं वेगळं.

हेच विधेयक त्यांनी २०१८मध्येही मांडलं होतं. ते कुणी फेटाळलं का? नाही. ते मंजूर व्हायच्या आत २०१९मध्ये लोकसभेची मुदत संपली आणि विधेयकही संपलं. याला ‘व्यपगत होणं’ म्हणतात. लोकसभा विसर्जित झाली की तिथे पडून असलेली विधेयकं आपोआप बाद होतात. नव्या सभागृहात पहिल्यापासून सुरुवात.

मंत्री नसलेल्या खासदाराचं विधेयक म्हणजे खासगी विधेयक. त्यासाठी वेळ मिळतो तो साधारण शुक्रवारी दुपारी. आजवर अशा फक्त १४ विधेयकांचे कायदे झालेत, शेवटचा १९७०मध्ये!

सरकारी विधेयकांचंही असं होतं. महिला आरक्षण विधेयक पहिल्यांदा आलं १९९६मध्ये. २०१०मध्ये राज्यसभेने ते मंजूर केलं, पण लोकसभेत मतदान झालंच नाही आणि २०१४मध्ये ते बाद झालं. मंजुरी मिळाली ती २०२३मध्ये. म्हणजे २७ वर्षं!

मग मंजूर न झालेलं विधेयक वाया जातं का? अगदीच नाही. तिरुची शिवा यांचं ट्रान्सजेंडर हक्कांचं खासगी विधेयक २०१५मध्ये राज्यसभेत मंजूर झालं, लोकसभेत अडकलं. पुढे सरकारने स्वतःचा कायदा केला, २०१९मध्ये. शिवांच्या विधेयकात आरक्षण होतं, कायद्यात ते नाही. काय मागितलं होतं आणि काय मिळालं, हे आज शेजारी शेजारी ठेवून बघता येतं.

खरी अडचण वेगळीच आहे. विधेयक नोंदवलेल्या मतदानात पडलं, तर कोण विरोधात होतं ते कळतं आणि त्यांना जाब विचारता येतो. नुसतं पडून राहिलं, तर जबाबदार कुणीच नसतं. त्यामुळे पुढच्या वेळी फॉरवर्ड करण्याआधी संसदेच्या वेबसाइटवर विधेयकाची स्थिती बघा. ते तिथेच अडकलं असेल, तर आपल्या खासदाराला विचारा, ‘चर्चा कधी?’ दोन-तीन वर्षांत नोकरीला लागल्यावर रात्री अकराला वाजणारा फोन तुमचाच असणार आहे.