टाकणाराचा बचाव

विमान जमिनीच्या अगदीं लगत उडत असतां बाँब टाकतें, तर त्या स्फोटांत तें स्वतःच कसें सांपडत नाहीं, अशी पृच्छा आमच्या एका वाचकभगिनीनें केली आहे. प्रश्न दिसतो त्याहून मार्मिक आहे. विमान पुढें निघून जातें आणि बाँब मागें पडतो, अशी पुष्कळांची समजूत असते. बाँब मागें पडत नाहीं, हीच तर खरी अडचण!

वसईच्या पुलावरून धांवत्या गाडींतून खाडींत नारळ टाकणारे भाविक आमच्या कित्येक वाचकांनीं पाहिले असतील. नारळ हातांतून सुटला तरी गाडीचा वेग त्याच्या अंगीं राहतोच. तो पुढें धांवत धांवतच खालीं येतो. बाँबाचेंही तसेंच. ताशीं ७२० किलोमीटर वेगाच्या विमानानें ८० मीटर उंचीवरून बाँब सोडला, तर तो जमिनीवर पोंचावयास सुमारें ४ सेकंद लागतात. तेवढ्यांत विमान ८०० मीटर पुढें जातें. पण हवेचा विरोध वगळला तर बाँबही तितकाच पुढें गेलेला असतो. म्हणजे स्फोट व्हावयाचा तो विमानाच्या पोटाखालीं, आणि ठिकऱ्या तर शेंकडों मीटर उडतात. ५००० मीटर उंचीवरून टाकलेल्या बाँबास खालीं येण्यास अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ लागतो. तेथें अंतरच वैमानिकाचें रक्षण करतें. परंतु शत्रूच्या रडारला चुकवावयाचें किंवा नेम अचूक साधावयाचा, तर खालूनच जावें लागतें.

यावर एक तोड म्हणजे बाँबास मागें खेंचणें. १९४२ सालीं न्यू गिनींतील बुना येथील जपानी विमानतळावर अमेरिकन सेनापति जॉर्ज केनी यांच्या वैमानिकांनीं हवाई छत्र्या बांधलेले लहान बाँब टाकले. छत्री उघडली कीं बाँब हवेंत अडखळतो आणि विमान निसटतें. पुढें व्हिएतनामच्या युद्धांत 'स्नेकआय' नांवाच्या बाँबाच्या शेपटीचीं चार पातीं सुटतांक्षणींच उघडून हेंच काम करूं लागलीं. दुसरी तोड बाँबास उशिरां फोडण्याची. मार्च १९४३ मध्यें बिस्मार्क समुद्रांत विमानें लाटांलगत येऊन, पोरें चपटा दगड फेंकतात तसे, पाण्यावर टप्पे घेत जाणारे बाँब जहाजांवर सोडीत. कांहीं सेकंदांनीं ते फुटेपर्यंत विमान पार झालेलें असे. जपानचीं आठही वाहतुकीचीं जहाजें त्या लढाईंत बुडालीं. हा सारा बचाव वरच्या माणसाचा. खालच्याचा विचार या यंत्रशास्त्रांत कोठेंच येत नाहीं, हें येथें नमूद केल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं.

याहून एक सूक्ष्म खबरदारी आहे. बाँब सुटला म्हणजे लगेच फुटावयास सिद्ध होत नाहीं. कित्येकांच्या तोंडाशीं एक लहानसा पंखा असतो. पडतां पडतां वाऱ्यानें त्याचे ठराविक फेरे झाले म्हणजेच आंतली कळ मोकळी होते. तोंवर तो निव्वळ लोखंडाचा गोळा. विमान पुरेसें दूर जाण्यापूर्वीं स्फोट होऊं नये, म्हणून ही योजना.

१९८२ च्या फॉकलंड युद्धांत या योजनेनें विलक्षण प्रकार घडविला. ब्रिटिश नौकांच्या क्षेपणास्त्रांना चुकविण्यासाठीं अर्जेंटिनाचे वैमानिक डोलकाठ्यांच्या उंचीवरून येत. त्यांच्या धैर्याबद्दल शत्रूनेंही वाईट शब्द काढला नाहीं. परंतु इतक्या खालून सुटलेल्या बाँबास सिद्ध होण्याइतका अवधिच मिळेना. १२ मे रोजीं 'ग्लासगो' नौकेच्या एका कुशींतून शिरलेला बाँब दुसरीकडून न फुटतां निघून गेला! असे न फुटलेले बाँब एकामागून एक नौकांत सांपडूं लागले. वैमानिकाच्या रक्षणासाठीं केलेल्या सोयीनें त्याच्या शत्रूचे प्राण वांचविले. सगळ्यांच्याच नशिबीं तें नव्हतें; 'आर्डंट' व 'कॉव्हेंट्री' या नौका बाँबांनींच बुडाल्या.

२३ मे रोजीं 'अँटिलोप' नौकेंत असे दोन बाँब शिरून राहिले. संध्याकाळीं त्यांतील एक निकामी करण्याचें काम चालू असतां तो फुटला, आणि तें काम करणाऱ्या पथकांतील एक सैनिक जागींच ठार झाला. नौका रात्रभर जळत होती. दुसऱ्या दिवशीं ती मधोमध दुभंगून बुडाली.